कार्य व ऊर्जेची अक्षय्यता : संकल्पनांचा इतिहास

प्रेरणा (बल) आणि त्या प्रेरणेच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकारास भौतिकीत ‘कार्य’ म्हणतात, तर कार्य करण्याच्या क्षमतेस ‘ऊर्जा’ ही संज्ञा आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही किंवा नष्टही करता येत नाही. तिचे केवळ रूपांतर होते, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम होय. हा नियम आज थोडक्यात सांगता येत असला, तरी तो निश्चित होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. पाणी वर उचलणे आणि ते खाली पडू देणे या दोन परिचित क्रियांवरून त्याचा अर्थ व इतिहास स्पष्ट करता येतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात दोहोंचीही उदाहरणे आढळतात.

पंपांचा प्रसार होण्यापूर्वी मराठवाड्यात विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने काढीत. मोटेत १५० लि. पाणी असून ते १० मी. वर आणले, तर पाण्यावर सु. १४,७०० जूल कार्य होते. नाडा ओढणारे बैल उतरत्या धावेवरून खाली जातात, त्यामुळे त्यांचे वजनही ओढण्याच्या कामी येते. मात्र परत येताना त्यांना स्वतःचे शरीर तितकेच वर चढवावे लागते. म्हणजे उतारामुळे ओढणे सोपे होते. पण एकूण कार्यात बचत होत नाही. भरलेली मोट काठाशी नुसती तोलून धरली, तर बैलांना श्रम होतात. परंतु मोटेचे विस्थापन न झाल्याने तिच्यावर कार्य होत नाही. स्नायूंत खर्ची पडणारी रासायनिक ऊर्जा अशा वेळी उष्णतेत रूपांतरित होते. श्रम आणि कार्य यांतील हा भेद ध्यानात न घेतल्याने प्रारंभिक अभ्यासात अनेकदा गोंधळ होतो.

बाहेरून काहीही न पुरविता अखंड चालणाऱ्या यंत्राची कल्पना प्राचीन आहे. भास्कराचार्य (१११४–८५) यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या ‘स्वयंवह’ चक्राचे वर्णन केले आहे. यूरोपातही अशा चक्रांचे प्रयत्न पुढे शतकानुशतके चालू होते. चक्राचा एक फेरा पूर्ण झाला की पारा मूळच्या उंचीवर येतो. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने केलेले एकूण कार्य शून्य ठरते आणि आसाशी होणारे घर्षण चक्रास हळूहळू थांबविते. वारंवार आलेल्या अपयशामुळे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये अशा यंत्रांच्या प्रस्तावांचा विचार न करण्याचे ठरविले.

लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १६८६ मध्ये वजन व उंची यांचा गुणाकार हेच खरे माप मानले. एक भार चार एकके उचलणे आणि चारपट भार एक एकक उचलणे ही कार्ये समान होत. यावरून गतिमान वस्तूची क्षमता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांनी दाखविले. देकार्त यांच्या अनुयायांचा भर मात्र वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारावर होता. ग्राव्हेसांड यांनी मऊ मातीत गोळे पाडून केलेल्या प्रयोगांनी लायप्निट्स यांच्या मतास पुष्टी मिळाली आणि एमिली द्यू शातले (१७०६–४९) यांनी १७४० मध्ये आपल्या ग्रंथातून ते मत मांडले. टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये ‘ऊर्जा’ या अर्थाची संज्ञा वापरली, तर कोरिऑलिस यांनी १८२९ मध्ये ‘कार्य’ या संज्ञेस नेमका अर्थ देऊन गतिज ऊर्जेच्या सूत्रात १/२ हा गुणक आणला.

यानंतरही एक प्रश्न उरला : खाली पडून स्थिरावलेल्या पाण्याची ऊर्जा कोठे जाते? तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग येथे बोरी नदीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकीर्दीत १६१३ मध्ये पाणीमहालासह बांधलेला बांध आहे. पावसाळ्यात त्यावरून ‘नर’ व ‘मादी’ हे प्रपात पडतात. २० मी. उंचीवरून पडणाऱ्या १ किग्रॅ. पाण्याची सु. १९६ जूल स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते. तळाशी ही गती नाहीशी होते आणि पाणी सु. १/२० अंश से.ने तापते, हा फरक इतका अल्प आहे की, तो हाताला जाणवत नाही. रोबेर्ट मायर (१८१४–७८) यांनी १८४२ मध्ये उष्णता व यांत्रिक कार्य यांची तुल्यता मांडली. जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–८९) यांनी पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून ती मोजली. नायगाराचे पाणी पडल्याने सु. १/५ अंश फॅ.ने तापावे, असे अनुमानही त्यांनी १८४५ मध्ये केले. हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८४७ मध्ये या नियमाची व्यापक गणिती मांडणी केली.

ऊर्जा नष्ट होत नसेल, तर तिची काटकसर कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. क्लॉसियस व टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५०–५१ मध्ये मांडलेल्या ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात त्याचे उत्तर आहे : ऊर्जेची राशी कायम राहते; पण पसरलेली उष्णता पूर्णपणे पुन्हा कार्यात बदलता येत नाही. बालाघाटच्या पठारावरील या अवर्षणप्रवण जिल्ह्यास याचे व्यावहारिक महत्त्व आहे. कृष्णा-मराठवाडा योजनेसारख्या उपसा सिंचनात एक युनिट (३६ लक्ष जूल) विजेने १०० मी. उंचीवर सिद्धांततः सु. ३,६७० लि.च पाणी चढविता येते. पंपातील व नळांतील घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी चढते. पंपाची कार्यक्षमता सुधारून घर्षणातील व्यय घटविता येतो. मात्र उंचीचे मोल कोणत्याही यंत्रास टाळता येत नाही. म्हणूनच पठारावर पडलेले पावसाचे पाणी तेथेच अडविले, तर ते पुन्हा वर चढविण्याचे कार्य वाचते.