मोटार रुसते तेव्हां



पावसाळाभर पडवींत उभी राहिलेली जुनी मोटार पुन्हां चालू करण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला आजच्या विषयाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. किल्ली फिरवावी, स्टार्टरनें घरघर करावी, इंजिनानें फिरावें, पण पेट मात्र घेऊं नये. आणि ‘आणखी एकदां’ करतां करतां बॅटरीनेंच मान टाकावी! आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी एका आश्विनांत अशीच रुसली. मावशीला पहांटेच्या आगगाडीवर पोंचवावयाचें होतें. आगगाडी वेळेवर सुटली, मावशी सामानासह अंगणांतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मोठ्या मुष्किलीनें मिळालेला दिवस हुकला. मग एका कारागिरानें प्लग बदलले, कॉइल बदलली, पैसे घेतले. आणि महिन्याभरानें गाडी पुन्हां तशीच उभी! दोष ठिणगीचा नव्हताच. तो एका रिकाम्या वाटीचा होता.

ह्या वाटीची कथा समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १८८८ च्या ऑगस्टांत बेर्टा बेंझ ही धीट बाई नवऱ्याला न सांगतां, त्यानेंच बनविलेली मोटार आणि दोन मुलगे घेऊन जर्मनींतील मानहाइम गांवाहून फोर्ट्सहाइमला माहेरीं निघाली. वाटेंत इंधन संपलें तें वीस्लोख येथील औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. तिच्या गाडींतील कार्बुरेटर म्हणजे एक साधें भांडें होतें. आंतील द्रवावरून हवा जाई आणि वाफ घेऊन इंजिनांत शिरे. ह्या योजनेंत एक मोठें व्यंग होतें. पेट्रोलसारखा द्रव एकजिनसी नसतो. त्यांतला हलका अंश आधीं उडून जातो आणि जड अंश तळाशीं उरतो. भांडें जसजसें जुनें होई तसतसें इंजिन कुरकुरूं लागे.

त्यावर तोड निघाली १८९३ सालीं. बुडापेस्ट येथें बांकी आणि चोंका ह्या दोघांनीं, आणि जर्मनींत माय्बाख ह्यानें, द्रवाची वाफ करण्याऐवजीं त्याचे तुषार उडविण्याची युक्ति काढली. बांकीला ही कल्पना फुलांवर पाणी फवारणाऱ्या एका मुलीला पाहून सुचली असें सांगतात; असल्या गोष्टी इतिहासकारानें आवडीनें ऐकाव्या, पण वहींत उतरूं नयेत. युक्ति अशी: एका लहान वाटींत तरंगता फ्लोट ठेवावा, पातळी वाढतांच त्यानें सुईनें वाट बंद करावी. वाटींतून एक बारीक तोटी हवेच्या अरुंद गळ्यांत सोडावी. हवा वेगानें गेली कीं तेथील दाब उतरतो आणि पेट्रोल तुषाररूपानें वर येतें. वजनानें सुमारें १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल हें प्रमाण उत्तम. पण थंड इंजिनांत सगळ्या पेट्रोलची वाफ होत नाहीं, म्हणून चोक ओढून हवा अडवावी लागते आणि पेट्रोल अधिक घ्यावें लागतें.

आतां पाहा, ही वाटी हवेला मोकळी असावीच लागते, नाहींतर तोटी चालणार नाहीं. म्हणजे बेर्टाबाईंच्या भांड्याचा रोग लहान रूपानें वाटींत शिल्लक राहिलाच. गाडी कांहीं आठवडे उभी राहिली कीं हलका अंश उडतो. आणखी राहिली कीं वाटी कोरडी पडते.

फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीला, जी १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येनें निघाली, ह्याची फारशी भीति नव्हती. तिची टाकी चालकाच्या आसनाखालीं, कार्बुरेटरपेक्षां उंच. पेट्रोल आपोआप उतरून वाटी भरे. (चढावर टाकींत पेट्रोल कमी असलें तर मात्र गाडी उलटी चढवीत!) चोकची तार पुढें रेडिएटरजवळ काढलेली असे, म्हणजे हँडल मारणाराला ती ओढतां यावी. हँडल उलटें फिरून मनगट मोडण्याचा धोका मोठा. म्हणून अंगठा मुठीबाहेर ठेवण्याचा धडा आधीं शिकवीत. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत केटरिंगनें विजेचा स्टार्टर बसविला आणि ह्या संकटांतून माणूस सुटला.

पुढें टाकी मागें, खालीं गेली आणि पेट्रोल वर ओढण्यासाठीं इंजिनावर चालणारा पडद्याचा पंप आला. येथेंच घोटाळा आहे. इंजिन फिरल्यावांचून पंप चालत नाहीं आणि पेट्रोल आल्यावांचून इंजिन चालत नाहीं. मध्यें भरडली जाते ती बॅटरी. रचनाकारांना हें ठाऊक होतें. म्हणून कित्येक पंपांना हातानें हलविण्याची लहान दांडी ठेवलेली असे. ती दांडी आमच्या पद्मिनीलाही होती, आणि आम्हां कोणाला तिचें काम माहीत नव्हतें!

वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० निघे व तीच पुढें पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हा रोग क्वचितच भेटला असावा, कारण त्यांची गाडी उभी राहतच नसे. त्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेल्या. आतां उरलेल्या गाड्या बहुधा हौशी लोकांच्या, म्हणजे उभ्या राहणाऱ्याच. शिवाय २०२५ सालीं आपल्या पेट्रोलमध्यें इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. तें ओलावा शोषतें, आणि जुन्या रबराला व पंपाच्या पडद्याला मानवत नाहीं. जुनाट पेट्रोल चिकट होऊन तोट्या बुजतात तें वेगळेंच.

तेव्हां परीक्षा अशी करावी. इंजिन बंद असतां हवेची गाळणी काढून कार्बुरेटरच्या गळ्यांत पाहावें आणि पेडल दाबावें. पिचकारी उडाली तर वाटींत पेट्रोल आहे. दोष ठिणगींत शोधावा. उडाली नाहीं तर बहुधा वाटी कोरडी आहे. मग पंपाची दांडी हलवून ती भरावी, गाळणी परत बसवावी, चोक पूर्ण ओढावा, पेडल दोनदां दाबावें आणि स्टार्टर दहा सेकंदांहून अधिक चालवूं नये. गळ्यांत बाटलीनें पेट्रोल ओतण्याची चाल मात्र सोडावी. इंजिनानें उलटा भडका घेतला तर ओतणाराचें तोंड भाजतें. फार पेट्रोल होऊन प्लग भिजले असतील तर चोक आंत ढकलून, पेडल तळापर्यंत दाबून फिरवावें. महिनोन्महिने पडून राहिलेलें पेट्रोल आधीं काढून टाकावें हें उत्तम.

दुसरी तारीख मार्गशीर्षांत मिळाली. त्या पहांटे मी दांडी वीस-पंचवीस वेळां हलविली. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन बोललें. मावशी आधींच मागच्या आसनावर जाऊन बसली होती.