काळोखातली नाटके



आपण नाटक पाहायला जातो आणि कीर्तन ऐकायला जातो. पण कीर्तनकार आख्यान रंगवू लागला, की नुसत्या वाणीने तो अरण्य उभे करतो, दरबार भरवतो. तेव्हा कानांनी नाटक पाहण्याची विद्या आपल्याला परकी नाही. आज श्रुतिकांचा एवढा ढीग आपल्यापुढे आहे, की त्यातून चांगली निवडायची कशी, हाच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर या कलेच्या इतिहासातच सापडते.

आरंभी नभोवाणीवर रंगभूमीचीच नाटके वाचली जात. प्रेक्षकाचे डोळे बांधून त्याला नाटकगृहात बसवावे, तसाच तो प्रकार! १५ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.ने रिचर्ड ह्यूज या तेवीस वर्षांच्या तरुणाची 'डेंजर' ही लहानशी नाटिका सादर केली. ह्यूजने कथा कोळशाच्या खाणीत नेली. खाण पाहायला आलेली माणसे आत असताना दिवे जातात, पाणी चढू लागते. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. जे या माध्यमाचे वैगुण्य समजले जात होते, तेच कथेचा पाया झाले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आज नाही, पण ती संहिता मात्र उरली.

पुढे ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळावरील स्वारीचे नाटक बातम्यांच्या थाटात सादर केले. त्याने देशभर घबराट उडाली असे वर्तमानपत्रांनी लिहिले. ते वर्णन फार फुगवलेले होते, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या नाटकाचे खरे बळ निराळेच आहे. घटनास्थळावरून बोलणाऱ्या बातमीदाराचा आवाज मध्येच तुटतो आणि क्षणभर काहीच ऐकू येत नाही. ती शांतता शंभर किंकाळ्यांहून भयंकर आहे. उत्तम श्रुतिकेला गप्प बसता येते, हे तिचे दुसरे लक्षण.

डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड'ची हकीगत तर चटका लावणारी आहे. १९५३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी त्याने हस्तलिखितच हरवले. निर्माते डग्लस क्लेव्हर्डन यांनी आधीच नकला करून घेतल्या होत्या, म्हणून बरे! मूळ प्रत पुढे त्यांना लंडनमधील एका मद्यगृहात सापडली. ९ नोव्हेंबरला टॉमस न्यूयॉर्कमध्ये वारला, आणि २५ जानेवारी १९५४ रोजी एका वेल्श गावाची रात्र आणि दिवस रिचर्ड बर्टनच्या आवाजात श्रोत्यांपुढे उलगडले. १९५७ साली सॅम्युएल बेकेटचे 'ऑल दॅट फॉल' प्रसारित झाले. ते रंगमंचावर आणू देण्यास बेकेट नाखूश असे, कारण ते त्याने कानासाठीच लिहिले होते. त्या नाटकाला लागणारे ध्वनी जुन्या साधनांनी साधेनात. अशाच गरजांतून १९५८ साली बी.बी.सी.मध्ये ध्वनिप्रयोगांची खास शाळाच निघाली.

आपल्याकडे मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे त्याच मुंबईहून 'पुन्हा प्रपंच' घराघरांत पोचला. नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकर हे तिघे बोलू लागले, की न पाहिलेले घर ओळखीचे होई. तेथे खाण नव्हती की मंगळ नव्हता. नुसत्या बोलण्याच्या लकबीवरून माणूस उभा राहत असे.

म्हणून निवडताना नाव आणि गाजावाजा बाजूला ठेवावा. दिवा मालवून पहिली पाच मिनिटे ऐकावीत. कोण कोठे उभे आहे हे निवेदकाने न सांगता कळते का? पात्राच्या तोंडी 'अरे, हा पाहा दरवाजा उघडला' अशी वाक्ये घालावी लागतात का? तेच नाटक रंगमंचावर नेले तर त्याचे काही हरवेल का? हरवत असेल, तर ते कानासाठीच जन्मले आहे असे खुशाल समजावे.

आणि असे एखादे सापडले, तर ते एकट्याने ऐकून थांबू नये, दुसऱ्याला सांगावे. ज्यांचे मुद्रण राहिले नाही, त्या कितीतरी श्रुतिका केवळ ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरल्या. ती माणसे गेली, की त्याही जातील. घरातल्या वडीलधाऱ्यांना आज रात्रीच विचारा, त्यांनी काय ऐकले होते ते.