अंतराने उजळणी

शिकलेला भाग एका बैठकीत पुन्हा पुन्हा न वाचता, मध्ये काही दिवस जाऊ देऊन आणि शक्यतो पुस्तक मिटून आठवत तो पक्का करण्याची अभ्यासपद्धती. मध्ये पडणारा खंड आणि न बघता आठवणे या तिच्या दोन बाजू. प्रयोगशाळेत त्या स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या. अभ्यासाच्या टेबलावर सहसा एकत्रच येतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस (1850–1909) याने विस्मरण तपासण्यासाठी स्वतःलाच कामाला लावले. सुमारे 2,300 निरर्थक अक्षरगट तयार करून तो त्यांच्या माळा पाठ करी. विसरलेली माळ पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, यावरून त्याने विस्मरण मोजले. निष्कर्ष 1885 मध्ये ग्रंथरूपाने आले. तासाभरात ही बचत निम्म्याच्या खाली गेली, दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश उरली. पण महिन्यानंतरही एकपंचमांश शिल्लक होती. गळती सुरुवातीलाच मोठी, पुढे संथ. त्याच ग्रंथातली दुसरी नोंद विद्यार्थ्यांच्या जास्त कामाची आहे: बारा गटांची माळ आदल्या दिवशी 68 वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी साधले.

आठवण्याच्या बाजूचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतील सेंट लुइसचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा अभ्यासून तीन वेळा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना 61. आपल्या लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती, हे विशेष! परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणावर मुलांचा विश्वास का बसतो, ते यातून कळते. सकाळच्या पेपरापुरते ते खरोखर पुरतेही.

सोपे वाटणे आणि शिकणे यांतली ही फारकत ब्रिटिश टपाल खात्यातही दिसली. अ‍ॅलन बॅडली आणि डी. जे. ए. लाँगमन यांच्या 1978 च्या अभ्यासात रोज एकच तास टंकलेखन शिकणाऱ्यांना कौशल्य कमी तासांत आले, तरी पद्धतीवर सर्वांत नाखूश तेच होते. दिवस जास्त लागत होते ना.

खंड किती असावा? निकोलस सेपेडा व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 1,350 हून अधिक लोकांवर हे तपासले. आठवड्याने चाचणी असेल तर एका दिवसाचा खंड पुरला; सुमारे वर्षभराने असेल तर तीन आठवड्यांचा फायद्याचा ठरला. जूनमधला धडा फेब्रुवारीतल्या बारावीच्या परीक्षेपर्यंत टिकवायचा, तर लगेच दुसऱ्या दिवशी केलेल्या उजळणीवर थांबून चालणार नाही.

मराठी घरांतला तिन्हीसांजेचा परवचा हे या पद्धतीचे जुने भावंडच. पावकी, निमकी, पाढे रोज आणि तोंडपाठ. उणीव एवढीच, की आठवण ठरलेल्या क्रमाला बांधलेली राहते. मधूनच ‘सतरा नव्वे किती?’ विचारले, तर अनेकांना सतरा एके सतरापासून चालत यावे लागते.

हा क्रम मोडण्याची सोय प्रश्नोत्तरांच्या कार्डांत आहे. सेबास्टियान लाइटनर याने 1972 मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली: उत्तर आले की कार्ड पुढच्या, क्वचित उघडायच्या कप्प्यात, चुकले की परत पहिल्यात. पुढे हेच काम संगणकाकडे गेले. 1987 मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक याचे सुपरमेमो आले, 2006 मध्ये आन्की. परकी भाषा किंवा शरीररचनेतली नावे यांना कार्डे चपखल बसतात. भूमितीतल्या सिद्धतेचे तुकडे करून कार्डांवर घालण्यात अर्थ नाही. तिथे कोरा कागद घेऊन ती पहिल्या ओळीपासून मांडून पाहणे बरे.