मेटाच्या स्वागताची घाई नको

मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित समाजमाध्यमांत मोठ्या कंपन्या येत असतील तर आनंदच मानावा, असे मत तंत्रज्ञांत सध्या जोरात आहे. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. जुलै २०२३ मध्ये मेटाचे थ्रेड्स सुरू झाले आणि पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी तिथे खाती उघडली. २०२४ पासून हे थ्रेड्स ॲक्टिव्हिटीपब या खुल्या नियमावलीतून मॅस्टोडॉनशी टप्प्याटप्प्याने जोडले जात आहे. एरवी ओस वाटणाऱ्या जाळ्यात बोलायला माणसे मिळतील. आणि कंपनीने पुढेमागे दगा दिलाच तर जोडणी तोडावी, आपला सर्व्हर आपल्याच हातात असतो.

माझा आक्षेप या शेवटच्या भरवशावर आहे. जोडणी तोडता येते, माणसे तोडता येत नाहीत. नांदेडच्या मोंढ्यात निघालेला सोयाबीनचा भाव, लातूरच्या शिकवणीची बदललेली वेळ, भावकीतल्या मयतीची खबर, सगळे आज व्हॉट्सॲपवर फिरते. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ते २०१४ मध्ये विकत घेतले तेव्हा वापरणाऱ्यांसाठी काहीच बदलणार नाही, असे सांगितले गेले. २०१६ मध्ये त्यांची माहिती फेसबुककडे जाऊ लागली आणि २०२१ मध्ये नव्या अटी पुढे आल्या. तेव्हा अनेकांनी सिग्नल हे दुसरे संदेश-ॲप घेऊन पाहिले. पण आडत्या, मास्तर, मामा-मावश्या जुन्याच जागी होत्या, मग तेही गुमान परतले. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या अटींपायी मेटाला २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तरी आपले गट आहेत तिथेच आहेत.

व्हॉट्सॲप बंदिस्त आहे, खुल्या नियमावलीत असे होणार नाही, असे कोणी म्हणेल. तिथेही झाले आहे. एक्सएमपीपी ही संदेशांची खुली नियमावली होती. गूगल टॉक २००५ मध्ये आले आणि जानेवारी २००६ पासून इतर सर्व्हरांशी बोलू लागले. तेव्हाही असेच स्वागत झाले होते. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि त्यात ही जोडणी ठेवली नाही. लहान सर्व्हरवरच्या माणसाचे मित्र तोवर बहुतेक गूगलकडे गेलेले होते. तुटला तो एकटा. गूगलने कट रचला असे मी म्हणत नाही. बहुसंख्य एकीकडे गोळा झाले की कंपनीचा साधा व्यवहारी निर्णयसुद्धा बाकीच्यांना बाहेर टाकतो.

खरा अवघड प्रश्न ईमेलचा आहे. जीमेल २००४ मध्ये आले, तरी ईमेल खुले राहिले ना? राहिले, कारण विद्यापीठे, सरकारे, कचेऱ्या त्याआधीच आपापल्या सर्व्हरवर ईमेल वापरत होत्या. त्यांना वगळणे गूगलला परवडणारे नव्हते. (स्वतःचा छोटा मेल सर्व्हर चालवणाऱ्याची पत्रे आज किती सहज स्पॅममध्ये पडतात, हे मात्र विसरू नये.) मॅस्टोडॉनच्या पाठीशी तसे वजन अजून नाही.

ते आधी उभे करावे. नेदरलँड्स सरकारने २०२३ मध्ये आपल्या खात्यांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू केला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे आहे. परीक्षांच्या सूचना, महाविद्यालयांची खाती त्याच्या सर्व्हरवर राहू शकतात. लातूरच्या बाजार समितीचे रोजचे भावही तिथून निघू शकतात. खर्च आहे, देखरेखीला माणूस लागेल, पण विद्यापीठाला न झेपणारे यात काही नाही. तोवर थ्रेड्सला पूर्ण बंदीही नको. त्याला मर्यादित ठेवावे, म्हणजे तिथला मजकूर सार्वजनिक प्रवाहात लोटणार नाही आणि ज्याला तिथल्या कोणाचे वाचायचे असेल त्याला ते वाचता येईल. मॅस्टोडॉनच्या सर्व्हरचालकाला ही सोय आजही उपलब्ध आहे.