स्पुटनिकच्या पोटी जन्मलेलं कर्ज

अमेरिकेत कॉलेजच्या खर्चासाठी सरकार जे कर्ज देतं, त्याचं मूळ भीतीत आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपली पोरं गणित-विज्ञानात मागे पडली अशी ओरड अमेरिकेत सुरू झाली. वर्ष उलटायच्या आत, २ सप्टेंबर १९५८ला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली.

शिक्षणाच्या कायद्याला संरक्षणाचं नाव देण्यात मुरब्बीपणा होता. शिक्षणाला केंद्राचा पैसा द्यायची विधेयकं संसदेत वर्षानुवर्षं अडत. दक्षिणेतल्या गोऱ्यांना धास्ती, की पैशापाठोपाठ वर्णभेद मोडायचा हुकूमही येईल. अलाबामाचेच सिनेटर लिस्टर हिल आणि प्रतिनिधिगृहातले कार्ल एलियट यांनी स्पुटनिकची संधी साधली. एलियट खंडाने शेती करणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठात पोचला तेव्हा खिशात अडीच डॉलरही नव्हते. त्याला हव्या होत्या शिष्यवृत्त्या. प्रतिनिधिगृहाने त्या उडवल्या. फुकटच्या पैशाची किंमत राहत नाही, शिकायची खरी इच्छा असेल तो कर्ज काढेल, असा एकूण सूर. शिष्यवृत्तीसाठी मागितलेला पैसा कर्जाकडे वळला. माझ्या मते अमेरिकी विद्यार्थ्याचं नशीब तिथेच ठरलं.

पहिलं कर्ज मात्र आजच्या मानाने सोन्यासारखं होतं. वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर, एकूण ५,०००. व्याज ३ टक्के, तेही शिकत असताना नाही. कॉलेज सुटल्यावर वर्षभराने फेड सुरू, मुदत दहा वर्षं. पैशातले नऊ हिस्से सरकारचे, एक कॉलेजचा, आणि कर्ज द्यायचं कॉलेजनेच. सरकारी शाळेत शिक्षक झालात तर दरसाल १० टक्के माफ, असं करत निम्म्यापर्यंत. याच कायद्याने परकीय भाषांच्या अभ्यासालाही पैसा दिला आणि अग्रक्रमाच्या यादीत रशियन-चिनीबरोबर हिंदी-उर्दूही होत्या. शीतयुद्ध असं कुठे कुठे पोचलं होतं!

शिवाय एक काटा होता. कर्ज घेणाऱ्याने राष्ट्रनिष्ठेची शपथ घ्यायची आणि सरकार उलथू पाहणाऱ्या कुठल्याही संघटनेशी आपला संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्रही द्यायचं. शेतकऱ्याला कर्ज देताना असं कोण विचारतं, म्हणून विद्यापीठं चिडली. १९५९मध्ये हार्वर्ड आणि येल योजनेतून बाहेर पडली. सिनेटर असताना केनेडी या प्रतिज्ञापत्राविरुद्ध लढले होते. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६२मध्ये, ते रद्द झालं.

पुढचा टप्पा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनचा. ७५ डॉलर उसने घेऊन हा माणूस टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या कॉलेजात शिकला, मध्येच शिक्षण थांबवून कोटुल्यात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवून आला. ८ नोव्हेंबर १९६५ला उच्च शिक्षण कायद्यावर सही करायला तो त्याच कॉलेजात गेला. प्रसंग हृद्य, पण कायद्यात एक हिशेबी खुबी होती. आता बँकेने कर्ज द्यायचं आणि ते बुडालं तर सरकारने भरायचं. तेव्हाच्या पद्धतीत सरकारने स्वतः कर्ज दिलं की सगळी रक्कम त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसे. नुसती हमी दिली तर जवळजवळ काहीच दिसत नसे. बँकांना बिनधोक गिऱ्हाईक मिळालं.

एलियटची शिष्यवृत्ती दुसऱ्या वाटेने आली, १९७२मध्ये. गरीब घरच्या मुलांना मिळणारं हे अनुदान. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव त्याला पुढे मिळालं. सत्तरच्या दशकात सरकारी कॉलेजातला राहण्या-जेवणासकट बहुतेक खर्च त्यातून भागे. आज त्यातून एक तृतीयांशही जेमतेम निघतो. उरलेलं कर्ज. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरांत मुलगी बारावीला गेली की आईबाप ‘फाफ्सा’ हा सरकारी अर्ज भरायला बसतात, तो याच अनुदान-कर्जासाठी. पुण्या-नाशकातून तिथे शिकायला गेलेल्या मुलाला मात्र यातलं काही मिळत नाही.

सगळ्यात कडक कलम आलं १९७६मध्ये. डॉक्टर-वकील झालेली पोरं पदवी हातात पडताच दिवाळखोरी जाहीर करून कर्ज झटकतात, अशा बातम्या पसरल्या होत्या. प्रत्यक्षात दिवाळखोरीत सुटलेल्या कर्जाचं प्रमाण एक टक्काही नव्हतं. तरी फेड सुरू झाल्यापासून पाच वर्षं ही वाट बंद झाली. १९९०मध्ये मुदत सात वर्षांवर गेली आणि १९९८मध्ये मुदतच काढून टाकली. जुगारात बुडालेल्याचं क्रेडिट कार्डाचं देणं न्यायालय माफ करू शकतं. फीचं कर्ज माफ व्हायला असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. २०१०मध्ये बँकांना या धंद्यातून काढलं आणि नवी कर्जं फक्त सरकारच थेट देऊ लागलं. १९५८च्या मूळ योजनेचा वारस असलेलं, कॉलेजांमार्फत मिळणारं पर्किन्स कर्ज २०१७मध्ये बंद झालं. दिवाळखोरीचं कलम अजून तसंच आहे.