भिंतीचा पावसाळा

दिवाळीच्या तोंडावर घराला चुना का लावायचा, असे विचारले तर "लक्ष्मी यायची म्हणून" हेच उत्तर आपल्याकडे मिळते. उत्तर चुकीचे नाही. पण इतिहासाच्या वाटेने जाणाऱ्याला पुढचा प्रश्न पडतो. लक्ष्मीने नेमका हाच मुहूर्त का धरला असेल? पंचांगाबाहेर त्याचे काही कारण सापडते का? मला ते भिंतीत सापडते असे वाटते.

आपल्या भागाचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबी, हिरण्यकेशी निघते ती आंबोली, आणि तिथून खाली खानापूर, बेळगाव, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. आषाढ-श्रावणात इथल्या घाटमाथ्यालगतच्या घरांना दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. पागोळ्या भिंतीवर उडतात, जमिनीची ओल पायातून वर चढते, चूल दिवसभर पेटली तरी अंथरूण सादळतेच. भाद्रपदात ट्रंक उघडली की तो ओळखीचा कुबट वास येतो, आणि जरीच्या साडीवर पांढरट-हिरवे ठिपके दिसतात. आपण त्याला बुरशी म्हणतो, शेजारची कन्नड मावशी बूष्टु म्हणते. शब्द दोन असले तरी संकट एकच.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. ते घरातून कायमचे हाकलणे कोणालाच शक्य नाही. त्यांना रुजायला खाद्य लागते आणि पाणी लागते. लाकूड, कागद, कापूस, साधी धूळ, रंगातील सरस यांपैकी काहीही त्यांना चालते, म्हणजे खाद्य घरभर पसरलेलेच आहे. आपल्या हाती राहते ते फक्त पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही, तर बुरशी धरू लागते.

आता चुन्याकडे पाहू. भट्टीतली चुनकळी पाण्यात विरवली की जे पांढरे दूध तयार होते ते अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा पीएच बाराच्या आसपास असतो, आणि अशा पृष्ठभागावर बुरशी धरत नाही. पण हे सामर्थ्य टिकाऊ नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो आणि त्याची धार जाते. गेल्या दिवाळीचा चुना या दिवाळीपर्यंत केवळ पांढरा रंग उरतो. म्हणून तो दरवर्षी नवा लावावा लागे. दुसरा गुण असा, की चुन्याचा थर सच्छिद्र असतो. चार महिने भिंतीने प्यालेले पाणी आश्विनाच्या उन्हात त्यातून बाहेर निघून जाते. आपण चुना म्हणतो आणि कन्नडमध्ये सुण्ण म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत 'चूर्ण' या एकाच मुळातून आले आहेत. सीमेच्या दोन्ही अंगांना भिंतही एकाच रीतीने राखली जाई.

पूर्वजांना बुरशीचे शास्त्र ठाऊक होते, असा दावा मला करायचा नाही. "आमच्याकडे सगळे आधीच होते" या थाटाच्या लेखनाचा मला कंटाळा आहे. त्यांना शास्त्र नव्हे, क्रम ठाऊक होता. आधी पाऊस सरू द्यायचा, घर रिकामे करायचे, सामान उन्हात टाकायचे, पोपडे खरवडायचे आणि मग चुना लावायचा. असा क्रम इतर लोकांनीही अनुभवाने बांधला. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे उठले तर काय करावे ते सांगितले आहे. पुरोहिताने पाहणी करावी, घर सात दिवस बंद ठेवावे, चट्टा पसरला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, आतून खरवडून नवा गिलावा करावा, आणि तरीही चट्टा परतला तर घर पाडावे. ग्रंथात त्याला घराचे कोड म्हटले आहे, पण ती बुरशी असावी असे आजचे बरेच अभ्यासक मानतात. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डाग झाकायला त्या पुरोहिताने कुठेही सांगितलेले नाही.

आपल्याकडे झाकण्याचे युग अलीकडचे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली निघाले आणि १९१४ मध्ये पोरबंदरला ते तयार होऊ लागले, तरी सामान्य माणसाच्या घरात ते यायला पुष्कळ वेळ लागला. परमिटाचे दिवस अनेकांना आठवत असतील. १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले, आणि पाहता पाहता माती, जांभा आणि चुन्याच्या भिंती सिमेंटच्या झाल्या. त्या मजबूत आहेत, पुरात विरघळत नाहीत, हा लाभ मी मुळीच कमी लेखत नाही. पण त्यांवर ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा रंग चढला की आत शिरलेले पाणी आतच कोंडते. भिंत बदलली आणि मुहूर्त तोच राहिला. पूर्वी दिवाळीचे काम ओल बाहेर काढण्याचे होते, आता बहुधा ते ओल आत बंद करण्याचे होते.

याची परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा साऱ्याच चढल्या. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील गावेच्या गावे पाण्यात गेली, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या काही गावांत मी फिरलो. लोकांनी चिखल काढला, फरशी धुतली, ब्लीचिंग पावडर टाकली. दिवाळी जेमतेम अडीच महिन्यांवर होती. उद्ध्वस्त घराला रंग देऊन सण साजरा करण्याची ओढ कोणाला समजणार नाही? ती ओढच घराला उभे करते. परंतु घाईने रंगवलेल्या त्या भिंतींवर पुढे पुराच्या रेषेच्याही वर हात-दोन हात काळे ठिपके उमटलेले मी पाहिले. वीट पाणी वर ओढते, हे आपण विसरतो. ब्लीचिंगने डाग पांढरा होतो, पण गिलाव्याच्या आतली ओल तशीच राहते. न्यू ऑर्लिन्स शहर २००५ च्या कॅटरिना वादळात बुडाले, तेव्हा दोन महिन्यांनी तपासलेल्या ११२ घरांपैकी ५१ घरांत बुरशी उघड दिसत होती. श्रीमंत देशाचीही ही गत होती.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. त्यातही लहान मुले आणि म्हातारी माणसेच दिवसभर घरात असतात.

मग ओळखावे कसे? पहिला साक्षीदार नाक. डाग दिसण्याआधी वास येतो. दुसरे, लोणा आणि बुरशी यांत गल्लत करू नये. लोणा हा क्षार आहे, पाण्याचा हात लावताच तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, चिकट पुसली जाते. दोन्ही मात्र ओल असल्याचेच सांगतात. तिसरी परीक्षा फुकटची आहे. दीड फूट औरसचौरस स्वच्छ प्लास्टिक भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने बसवावे आणि एक दिवस ठेवावे. आतल्या अंगाला दव धरले तर भिंत अजून ओली आहे, बाहेरच्या अंगाला धरले तर खोलीची हवा दमट आहे. भिंत ओली असेपर्यंत रंगाला हात लावू नये. पुरात भिजलेली विटांची भिंत आतून सुकायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिनेही. फुगलेला गिलावा काढावा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बुरशी कोरडी झाडू नये, बीजाणू उडतात. तोंडाला मास्क बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी. भिजलेल्या गाद्या-उशांचा मोह सोडावा. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कदापि मिसळू नये, विषारी वायू निघतो.

राहता राहिले कागद. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या घरांत त्यांना वेगळे वजन असते. मोडीतले खरेदीखत, आजोबांचा मराठी शाळेचा दाखला, जुने दिवाळी अंक, हेच आपण इथले असल्याचे पुरावे. आपल्या जिल्ह्यातील दिगंबर जैन बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ग्रंथांची पूजा करतात. त्या निमित्ताने पोथ्या बाहेर काढून झटकून नव्या वेष्टनात बांधण्याची जुनी रीत आहे, तीही पावसाच्या तोंडावर. श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी येते ती कार्तिकात, पाऊस सरल्यावर. दोन्ही मुहूर्त किती नेमके आहेत पाहा. दप्तरात आपण वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवतो तो किडीसाठी. ओलीवर त्याचा इलाज चालत नाही.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली आणि लाखो ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशींच्या तरुणांनी हातोहात पुस्तके बाहेर काढली, पानांत टिपकागद घातले, तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांतही ग्रंथ सुकवले. तंबाखूच्या मुलखातल्या निपाणीकरांना ही युक्ती सांगावी लागणार नाही! पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या पुरानंतर ओले ग्रंथ गोठवून ठेवण्यात आले. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि सुकवायला सवड मिळते. हे आपल्याही घरात जमते. भिजलेले दस्तऐवज एकाच दिवसात सुकवता येत नसतील, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. मग थोडे थोडे काढून सावलीत, वाऱ्यावर, कोऱ्या कागदात दाबून सुकवावेत.

सगळ्यांनी पुन्हा चुन्याच्या भिंतींकडे परतावे, असे मी म्हणणार नाही. ऑइलपेंटवर चुना धरतही नाही. परतायचे ते त्या क्रमाकडे. आधी उघडणे, मग सुकवणे, मग खरवडणे, आणि शेवटी रंग. यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंतीला टेकलेले कपाट हातभर पुढे ओढा आणि मागे वाकून पाहा. मागची भिंत काळी आणि ओली निघाली, तर रंग संक्रांतीनंतर लावला तरी चालेल. सुकत असलेल्या घरात लक्ष्मी खुशाल येईल.