मिस्टर एक्सचा गुन्हा

डिसेंबर 1945 मध्ये स्टॉकहोमला नोबेल पारितोषिकाचं भाषण करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शेवटी शेवटी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. मिस्टर एक्स नावाच्या माणसाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन विकत आणतो आणि थोडंसंच घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. त्याच्यापासून बायकोला लागण होते, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण? फ्लेमिंग यांनी बोट नवऱ्याकडे दाखवलं.

इशारा खरा ठरला. पण तेव्हापासून आरोपीच्या पिंजऱ्यात सामान्य माणूस उभा आहे, तो आजपर्यंत. दरवर्षी जनजागृतीचा सप्ताह येतो आणि लोक अडाणी आहेत, कोर्स पूर्ण करत नाहीत, मनाने गोळ्या घेतात, हेच पुन्हा सांगितलं जातं. ही सवय त्यांना लावली कुणी, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो फारसा विचारला जात नाही.

मुळात या औषधाची किंमत सुरुवातीला डॉक्टरांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा उपचार सुरू झाला. साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून औषध गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचावं लागलं. तो सुधारत होता. औषध संपलं आणि महिन्याभरात तो गेला. युद्धाने कारखाने उभे केले, माल मुबलक झाला आणि भाषा बदलली. अमेरिकेच्या बाजारात पेनिसिलिनच्या चघळायच्या गोळ्या आल्या, मलमं आली, टूथपेस्टही आली. ब्रिटनने 1947 मध्ये कायदा करून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. म्हणजे फ्लेमिंग यांचा मिस्टर एक्स काही चोरून औषध आणत नव्हता. दुकानदार ते काउंटरवर मांडून बसला होता.

आपल्याकडे हे औषध आलं ते मात्र सरकारचा हात धरून. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच काळात यॉज या रोगाविरुद्धची मोहीम आदिवासी भागांत पोहोचली. अंगभर जखमा, हाडांना व्यंग, मुलांना जास्त छळणारा हा रोग. मोहिमेचे लोक गावात येत, पेनिसिलिनचं एक इंजेक्शन देत आणि काही दिवसांत जखमा सुकत. खरोखर एकाच सुईने. (भारत यॉजमुक्त झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये शिक्कामोर्तब केलं.) ही मोहीम पाहिलेल्या माणसाने सुईवर विश्वास ठेवला, तर त्याला अंधश्रद्धा म्हणायचं? त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढला होता. ताप, खोकला, जुलाब यांना तोच नियम लागू नाही, हे समजावून सांगायला मात्र कुणी मागे थांबलं नाही.

आमच्या नानी डॉक्टरांना एकाच मापाने मोजायच्या: सुई देतो की नाही. न देणारा डॉक्टर त्यांच्या लेखी शिकाऊ. डॉक्टरांनाही हे कळत होतंच. रुग्ण पुढच्या गल्लीत जाऊ नये म्हणून सुई दिली जायची, सोबत कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. पुडीवर नाव नसायचं. आपण काय खातोय हे ज्याला कधी कळूच दिलं नाही, त्याने त्या औषधाचे नियम पाळावेत अशी अपेक्षा मात्र ठेवली गेली.

लोकांना धीर नसतो, हेही मला पटत नाही. हकीमसाहेबांच्या काळात आमच्या मोहल्ल्यातली माणसं कित्येक आठवडे इलाज करत. आधी दोष पिकवणारा मुंजिज, मग तो बाहेर काढणारा मुसहिल, त्यात कडू काढे आणि कडक परहेज. त्याने किती जण बरे झाले हा वेगळा विषय. पण लांबलचक उपचार पाळण्याची शिस्त या समाजात होती. त्याच जुन्या समजुतीतला एक धागा आजही शिल्लक आहे, तो म्हणजे ‘औषध गरम पडलं’. तिसऱ्या दिवशी तोंड येतं, पोट बिघडतं आणि माणूस गोळ्या थांबवतो. डॉक्टर याला अज्ञान म्हणतात. पण अँटिबायोटिकने पोट बिघडतं, तोंड येऊ शकतं, हे वैद्यकशास्त्रही मान्य करतं. माणसाने लक्षण बरोबर ओळखलेलं असतं, फक्त त्याचं नाव दुसऱ्या शास्त्रातलं असतं.

आणि मग पैसा. यंत्रमागावरच्या कामगाराला विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला तर तपासणीची फी वेगळी आणि बुडालेली पाळी वेगळी. त्यापेक्षा मेडिकलवाल्याकडे जाऊन ‘मागच्या वेळची पॉवरची गोळी द्या’ म्हणणं स्वस्त पडतं. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून दोन दिवसांच्या गोळ्या देतो, कारण गिऱ्हाइकाच्या खिशात दोन दिवसांचेच पैसे आहेत. तिसऱ्या दिवशी ताप नसतो आणि काम असतं. या हिशेबात मला चूक सापडत नाही. चूक आहे ती असा हिशेब करायला लावणाऱ्या व्यवस्थेत.

याला आपल्याच देशातला एक जुना पुरावा आहे. 1956 मध्ये मद्रासला क्षयाच्या उपचारांवर एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, तर काही आपल्या दाटीवाटीच्या घरांत. घरी अन्न कमी, विश्रांती कमी. तरी दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले. औषधं वर्षभर घ्यायची होती आणि त्यातलं पीएएस चवीला भयंकर. इथल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या शब्दावर भिस्त ठेवली नाही. गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, घरी चकरा मारल्या. काहींनी गोळ्या बुडवल्या हेही त्यांना दिसलं आणि त्यातूनच पुढे कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळण्याची पद्धत विकसित झाली. औषध फुकट होतं आणि कुणीतरी विचारपूस करायला दारात येत होतं. हातावर पोट असलेली माणसं कोर्स पूर्ण करू शकतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

नंतरचे उपाय बहुतेक कागदावरचे. 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं. त्या यादीतलं औषध विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं. 2016 मध्ये स्ट्रिपवरच्या लाल रेषेची मोहीम आली. वाचता न येणाऱ्याला ती रेषा पाकिटाची नक्षी वाटते. आणि मार्च 2020 मध्ये खुद्द आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये गंभीर कोविड रुग्णांसाठी, म्हणजे विषाणूच्या आजारात, ॲझिथ्रोमायसिनचं नाव आलं. मग घरोघरी ते जमा झालं, तेव्हा लोकांनी वरूनच गिरवलेला कित्ता गिरवला होता.

याची किंमत कोण मोजतं, ते सिंधमधल्या हैदराबादने पाहिलं. 2016 च्या अखेरीस तिथे असा टायफॉईड पसरला की नेहमीच्या पाचही गटांची औषधं निकामी ठरली. तोंडाने घेण्याजोगं ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. आजारी पडली ती मुख्यतः लहान मुलं. तपासात धागा पुन्हा पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याकडे गेला. तिथल्या आईबापांनी कोर्स पूर्ण केला असता, तरी नळाला तेच पाणी येणार होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये सिंधने टायफॉईडची नवी लस नियमित लसीकरणात आणली. असं करणारा पाकिस्तान जगातला पहिला देश. ती लस तयार होत होती आपल्या दख्खनच्या हैदराबादेत.